न उचललेला बेलभंडार

"उचला मास्तर," पाटील म्हणाले.

पितळेच्या ताटलीत बेलाची पानं होती आणि त्यांच्यावर मूठभर भंडार, म्हणजे खंडोबाची हळद. ताटली देवळाच्या वरच्या पायरीवर ठेवलेली. मी खाली, हातात चपला घेऊन उभा. चपला खाली ठेवाव्यात की हातातच असू द्याव्यात, हे मला सुचत नव्हतं.

"उचला आणि बोला, की गुरुवारी दुपारी हसन पिंजारी तुमच्यापाशी होता. झालं. मग घरी जा."

"माझ्यापाशीच होता," मी म्हणालो. "शाळेच्या ओट्यावर. जेवणं झाली तेव्हापासून, गंज पेटल्याचा ओरडा ऐकू आला तोवर."

"ते मघाशी बोललात. आता उचलून बोला."

"उचलता येणार नाही, तात्या."

माझा आवाज मुळातच लहान. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुढच्यांनी मागे सांगितलं, "नाही म्हणतोय." आणि मग सगळं गाव एकदम बोलायला लागलं.

या गोष्टीला साठ वर्षं होत आली. मी, शीलास वैरागर, तेव्हा विशी नुकती ओलांडलेला, नगर जिल्ह्यातल्या हिंगणगव्हाण नावाच्या गावी मिशनच्या शाळेत एकटा मास्तर होतो. गावाच्या पूर्वेला आमची लहानशी ख्रिस्ती वस्ती. माझे आजोबा बाप्तिस्मा घेण्याआधी अशाच एका गावचे महार होते. देवळाच्या या पायरीवर त्यांची सावलीसुद्धा चालली नसती. आज पाटील स्वतः मला वर या म्हणत होते आणि मी जात नव्हतो. आजोबांना हे कसं वाटलं असतं, असा विचार तेवढ्या गर्दीतही माझ्या डोक्यात आला. माझं असंच होतं. नको त्या वेळी नको ते विचार येतात आणि जे बोलायला हवं होतं ते घरी पोचल्यावर सुचतं.

झालं होतं ते असं. पाटलांची कडब्याची गंज गुरुवारी भर दुपारी जळाली. गुरांची वर्षभराची वैरण बघता बघता राख झाली. त्याच्या एक-दोन दिवस आधी हसनची शेळी त्या गंजीला तोंड लावताना सापडली होती. पाटलांच्या गड्यानं काठी फेकून तिचा पाय मोडला, आणि हसन चावडीसमोर उभा राहून ओरडला होता, "तुमच्या गंजीला आग लागो!" हसन गावात कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. मनानं निर्मळ, पण तोंडाचा फटकळ. आग लागो म्हणाला आणि आग लागली. गावाला आणखी पुरावा नको होता. त्यानं येत्या अमावस्येच्या आत बायकापोरांसह गाव सोडावं, असं जवळजवळ ठरलंच होतं.

बेलभंडार आधी त्यालाच उचलायला सांगितला होता. तो म्हणाला, "अल्लाशिवाय कुणाची आण मी घेत नाही. घर उठवायचं तर उठवा." मग अल्लाची घे, असं कुणीतरी म्हणालं. तिला तो तयार होता. पण पाटलांना ते पटेना. "आळ ज्याच्यावर, त्यानं त्याच्याच देवाची आण घ्यायची? ते कसं चालंल?" मग साक्षीदार कोण, तर मी. दुसरा कुणी नव्हता.

त्या दुपारी आम्ही ओट्यावर काय करत होतो, हे मात्र मी गावाला सांगितलं नव्हतं. आम्ही भांडत होतो. शाळा सकाळची असायची. दुपारी हसनभाई कापूस पिंजायची कमान भिंतीला टेकवून माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि आमचा वाद सुरू व्हायचा. वाद एकच, बरीच वर्षं जुना असल्यासारखा.

"प्रभू येशू वधस्तंभावर मेला," मी म्हणायचो.

"ईसा पैगंबर मेलेच नाहीत. अल्लानं त्यांना उचलून घेतलं. असल्या नेक माणसाला अल्ला असं मरू देईल?"

"आपल्या सगळ्यांची शिक्षा त्यानं स्वतःवर घेतली."

"तेच तर मला पटत नाही, मास्तर. पाप करणार मी आणि मार खाणार दुसरा? कुणाचा बोजा कुणी उचलत नसतो. ज्याचा त्यानं न्यायचा. आणि तुझा देव तर माफच करत सुटतो. मग माणूस भिणार कशाला?"

मी पुस्तकं धुंडाळून उत्तरं शोधून ठेवायचो. तो ती कापसासारखी पिंजून हवेत उडवायचा. त्या गुरुवारी आम्ही इतके तापलो होतो की "आग, आग" असा ओरडा झाला तेव्हा आधी मला वाटलं, कुणीतरी आमचीच चेष्टा करतंय.

"का उचलता येणार नाही?" पाटील विचारत होते. "खंडोबा काय तुम्हाला खातो?"

"आमच्या प्रभूनं शपथ घ्यायलाच मनाई केली आहे, तात्या. हो असेल तर हो म्हणायचं, नाही असेल तर नाही. मी हो म्हणतोय."

"बरं, खंडोबा नको. तुमचं पुस्तक आणा. त्याच्यावर हात ठेवा."

"तीही शपथच झाली."

"म्हणजे आमच्या देवाची नाही आणि तुमच्या देवाची बी नाही!" पाटलांनी कपाळाला हात लावला. "मग तुझा शब्द धरायचा तरी कशाला?"

इतका वेळ अहो-जाहो करणारे पाटील अरे-तुरेवर आले होते.

आमच्या वस्तीतले वडीलधारे इस्राएलनाना गर्दीतून वाट काढत माझ्या कानाशी आले. "शीलास, उचल ना बाबा. हळदच आहे. मनात प्रभूचं नाव घे आणि उचल. गावाशी वाकडं घेऊन वस्तीनं राहायचं कसं?"

"नाना, तुम्ही उचलाल?"

नाना जसे आले तसे मागे गेले.

पाटील माणूस वाईट नव्हते. मला कोंडीत पकडायचं त्यांच्या मनात नव्हतं, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. ते एक पायरी उतरून खाली आले. "हे बघ मास्तर. भंडार उचलून माणूस खोटं बोलला तर मल्हारी त्याचे डोळे नेतो. साऱ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून त्या शब्दाला वजन. आता तू मला एवढंच सांग. तू खोटं बोललास, तर तुझा येशू तुझं काय करील?"

या प्रश्नाला चांगली उत्तरं होती. शेवटचा न्याय आहे, तिथं प्रत्येक शब्दाचा जाब द्यावा लागणार आहे, हे सगळं मी वाचलेलं होतं, मुलांना शिकवतही होतो. पण त्या घडीला मला थोडंसंही बनवून बोलायचं नव्हतं. जे मी मनातून मानत होतो, ज्याच्या आधारावर रोज उठत होतो, तेच तोंडातून आलं.

"पश्चात्ताप केला, तर क्षमा करील."

पुढच्यांनी ते मागे सांगितलं. मग हशा उसळला.

"बरंय की! रोज बोला आन् रोज माफी मागा!"

"चला रं, आपण बी होऊ ख्रिस्ती!"

पाटीलही हसले. देवळाच्या उंबऱ्यात बसलेले म्हातारे भागुजी गुरव हसताना मला दिसले. आणि लिंबाखाली दोन गड्यांच्या मध्ये बसवलेला हसनभाई मान हलवत मोठ्यानं म्हणाला, "मी सांगत होतो ना तुला, मास्तर!"

त्याचं घर उठत होतं आणि त्याला वाद जिंकल्याचं सुचत होतं.

माझे कान तापले. एरवी अशा वेळी मी निमूटपणे घरची वाट धरतो. त्या दिवशी का धरली नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढं कळत होतं, की माझा देव दयाळू आहे म्हणून हसनभाईचं घर उठतंय, आणि ते मला सहन होईना.

"तात्या, मग असं करा. शिक्षा मला द्या. माझा शब्द खोटा वाटतोय ना? मग गाव मी सोडतो. हसनभाईला राहू द्या."

"ए मास्तर!" हसनभाई उठूनच उभा राहिला. "तुला मध्ये पडायला कुणी सांगितलं? मी काही केलं नाही, तू काही केलं नाहीस. माझा बोजा तू का उचलणार?"

"गप बस, हसनभाई."

"नाही बसत! माझ्या बापाची कबर या गावात आहे. जायचं झालं तर मी माझ्या पायानं जाईन. तुझ्या मेहेरबानीवर राहणार नाही."

"दोघांनी मिळून तमाशा लावलाय," पाटील वैतागून म्हणाले. "मास्तर गेल्यानं माझी गंज उभी राहणार आहे का? शेवटचं विचारतो. उचलतोस का नाही?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी मागच्यांनाही ऐकू गेलं.

"मग मी उचलतो."

भागुजी गुरव उंबऱ्यातून उठले होते. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती, पूजा, सगळं त्यांच्याकडे. अंगावर मळकं धोतर, कपाळ हळदीनं कायमचं पिवळं झालेलं. गुडघ्यांवर हात टेकत ते ताटलीपाशी आले.

"तू कशाला, बाबा?" पाटील म्हणाले. "तू हसनला त्या दिवशी पाहिलंस का?"

"हसनला न्हाई पाहिलं. मास्तरला पाहिलाय."

"म्हणजे?"

"चंपाषष्ठीला मी समद्या गावात भरीत-रोडग्याचा परसाद वाटतो. ख्रिस्ती वस्तीत बी देतो. ते घेत्यात, हात जोडत्यात, आन् माझी पाठ फिरली की म्हशीपुढं टाकत्यात. मला काय कळत न्हाई व्हय?" आमच्या वस्तीतली माणसं जमिनीकडे बघू लागली. "ह्यो एकटा येडा. द्रोण घेऊन माघारी देवळापातूर येतो. मान खाली घालून म्हणतो, बाबा, देवाला दाखवलेलं आम्ही खात नाही, टाकून देणं मला बरं वाटत नाही, तुमचं तुम्ही घ्या. माझ्या देवाचा परसाद माझ्या तोंडावर परत देणारा माणूस पिंजाऱ्याच्या शेळीपायी खोटं बोलंल?"

बाबांनी बेल आणि भंडार दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला, गाभाऱ्याकडे तोंड केलं.

"मल्हारी मार्तंडा, शीलास मास्तर खोटं बोलला असंल, तर अमावस्येच्या आत माझे दोन्ही डोळे ने. खरं बोलला असंल, तर सांभाळ. येळकोट येळकोट जय मल्हार."

आता कुणी हसत नव्हतं. अमावस्येपर्यंत हसननं गावात राहावं असं ठरलं आणि लोक पांगले.

हसनभाई तरातरा पायऱ्यांपाशी गेला. "बाबा, माझ्यासाठी तुझे डोळे पणाला लावायला मी सांगितलं होतं का?"

"तुझ्यासाठी कोण लावतंय रं?" बाबा हात झटकत म्हणाले. "मास्तरसाठी लावले. तू घरी जा, शेळीला पाणी पाज."

अमावस्या थोड्याच दिवसांवर आली होती तेव्हा भागुजीबाबांचे डोळे आले.

उन्हाळ्यात, धुळीत कुणाचेही येतात. पण हे लालबुंद झाले, सुजले, पाणी गळायला लागलं, सकाळी पापण्या चिकटून उघडेनात. गावात कुणी मला काही बोललं नाही. फक्त मी पाणवठ्यावर गेलो की बोलणं थांबायचं. पाटलांचा थोरला मुलगा एकदा समोरून आला आणि काही न बोलता नुसता स्वतःच्या डोळ्याला बोट लावून पुढे गेला.

मी सायकल काढली, तालुक्याच्या मिशन दवाखान्यात जाऊन मलम आणलं आणि तसाच देवळापाशी गेलो. बाबा सावलीला भिंतीशी बसले होते, डोळ्यांवर ओलं फडकं. शेजारी हसनभाई. त्याच्या हातात गुलाबपाण्याची बाटली होती.

"आला का तू बी?" बाबा म्हणाले. "ह्यो गुलाबपाणी घेऊन आलाय. तू काय आणलंस?"

"मलम. डॉक्टर म्हणाले, लगेच घाला, उशीर करू नका."

"ठेवा दोन्ही त्या कोनाड्यात. अमावस्येनंतर घालीन."

"तोवर डोळे जातील, बाबा!"

"औषधानं बरा झालो तर गाव म्हणंल, डाक्टरनं वाचवलं, देवानं न्हाई. मग हसनचं घर पुन्हा चावडीवर. मी शपथ वाहिलीया. ती सरळ फिटू दे."

हसनभाईनं माझ्याकडे बघितलं. वाद घालताना इतका खंबीर असणारा माणूस रडवेला झाला होता. "मास्तर, मी कालपासून सांगतोय. ऐकत नाही म्हातारा. तू शिकलेला आहेस, तूच काहीतरी कर." नमाजाची वेळ झाली म्हणून तो उठला. जाताना माझ्या हातातलं मलम त्यानं वर कोनाड्यात ठेवलं, बाटली मात्र बाबांच्या हाताला लागेल अशी जवळ ठेवून गेला.

मी तिथंच उभा राहिलो. कोनाड्यात मलमाशेजारी ती पितळेची ताटली होती, तीत बेलभंडार. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता. मी आता उचललं तर शपथ माझ्यावर येते, बाबा मोकळे होतात, आजच औषध घालू शकतात. प्रभूची आज्ञा मोडल्याचं पाप माझं, आणि त्याची क्षमा मिळते हे तर मीच सगळ्या गावाला सांगितलं होतं. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा माझं सोवळं मोठं आहे का? हा प्रश्न मी त्यानंतर आयुष्यभर स्वतःला विचारत आलो आहे. बरीच पुस्तकं वाचली. उत्तर कधी या बाजूला झुकतं, कधी त्या.

मी पायऱ्या चढलो. त्या देवळात मी आयुष्यात पहिल्यांदाच वर गेलो. ताटलीला हात लावला तशी ती कोनाड्याच्या दगडावर वाजली.

"मास्तर, हात मागं घे."

"तुम्हाला दिसतंय?"

"ऐकू येतंय."

"बाबा, माझ्यापायी तुमचे डोळे जाणार असतील, तर मी..."

"आधी हे सांग. गुरुवारी हसन तुझ्यापाशी होता?"

"होता."

"समदा वेळ?"

"समदा वेळ."

बाबांनी फडकं काढलं. पापण्यांच्या फटीतून त्यांना मी दिसत होतो की नाही, कुणास ठाऊक. "आज उचललंस तर गाव काय म्हणंल? मास्तर आधी न्हाई म्हणाला, म्हातारा आंधळा व्हाया लागला तसा भ्याला. म्हणजे ह्याच्या न्हाईला बी अर्थ न्हवता आन् होला बी. मी माझे डोळे तुझ्या 'न्हाई'वर लावलेत, पोरा. ते मोडू नको. घरी जा. तुझ्या देवाला काय सांगायचं ते तू सांग, माझ्या देवाला मी सांगतो."

मी घरी जाऊन गुडघे टेकले. काय मागावं ते कळेना. खंडोबानं शपथ राखावी, असं मी प्रभूपाशी मागू शकत नव्हतो. शेवटी एवढंच म्हणालो, की त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला माझ्यामुळे अंधार नको. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शाळेची घंटा वाजवली. त्या दिवसांत मुलं कमी येत होती. जी येत होती त्यांना शिकवलं.

अमावस्येला सकाळी गाव पुन्हा देवळापुढे जमलं. भागुजीबाबा काठी टेकत दारात आले. सूज उतरली होती, लाली बरीच कमी झाली होती. नुकतीच अंघोळ केलेली, कपाळाला ताजा भंडार. हसनभाई माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझं मनगट धरलं होतं, आणि त्याला ते ठाऊक नसावं.

"बाबा, दिसतं?" पाटलांनी विचारलं.

"दिसतं."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"दोन्ही."

पाटलांनी ना बोटं मोजायला लावली, ना पुन्हा भंडार उचलायला सांगितला. गुरव देवाच्या दारात उभा राहून बोलला, तेवढं गावाला पुरलं. पाटील आमच्याकडे वळले. "हसन, घरी जा. तुझ्या शेळीचा पाय आमच्या माणसानं मोडला. तेवढं मनात ठेवू नको." बस, इतकंच. गंज कशानं पेटली, ते कुणालाच कधी कळलं नाही.

अमावस्येनंतरच्या गुरुवारी हसनभाई पुन्हा ओट्यावर आला. कमान भिंतीला टेकवून बसला.

"मास्तर, म्हाताऱ्यानं माझा बोजा उचलला म्हणायचा का?"

"उचलला की."

"नाही. माझ्यावर बोजा नव्हताच, मी काही केलं नव्हतं. त्यानं तुझा उचलला." मग दाढी खाजवत म्हणाला, "पण उचलला खरा." आणि लगेच सावरून, "त्यानं तुझं वधस्तंभाचं काही सिद्ध होत नाही हां!"

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. माझ्या बदलीचा हुकूमही त्याच सुमारास आला होता. बाबा नेहमीप्रमाणे वस्तीत प्रसाद वाटून गेले. मी नेहमीप्रमाणे द्रोण घेऊन देवळात गेलो.

बाबा ओसरीत बसून बेलाची पानं निवडत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला, अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं नाही. मला वाटलं, कामात आहेत. डावीकडची टोपली घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तो टोपलीच्या बाजूनं गेला, जमिनीवर चाचपत राहिला आणि मग टोपलीला लागला.

"बाबा," मी म्हणालो.

ते दचकले. सगळी मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कवा आलास?"

"मघाशीच. इथंच उभा होतो."

त्यांनी टोपली जवळ ओढली.

"डावा डोळा कधी गेला?" मी विचारलं.

"तवाच, उन्हाळ्यात. वरून साफ दिसतो, पर आतून धुकं. तुझं मलम घातलं अमावस्येच्या सांजेला. हसनचं गुलाबपाणी बी घातलं. उशीर झाला म्हणायचा."

"पण पाटलांना तुम्ही सांगितलंत, दोन्ही..."

"खोटं सांगितलं."

मी खाली बसलो. माझ्या खऱ्या शब्दाला गावानं शपथ मागितली होती आणि यांचा खोटा शब्द शपथेशिवाय घेतला होता.

"अमावस्येच्या आदल्या दिवशी कळलं मला," बाबा पानं निवडत म्हणाले. "आधी वाटलं, मास्तर खोटं बोलला. मग वाटलं, मास्तर तसला न्हाई, मल्हारीच खोटा. दिवसभर ह्या दोहोंच्या मधी बसून ऱ्हायलो. भाकर बी गोड लागंना. सांजच्याला वाटलं, दोघं बी खरे आन् डोळ्याला आपलं काहीतरी झालं. पर हे गावाला कोण समजावणार? हसनचं घर उठलं असतं."

"देवाच्या दारात उभं राहून खोटं बोललात. भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून एक डोळा शिल्लक होता न्हवं." ते हसले. "तू त्या दिवशी म्हणालास, तुझा देव माफ करतो. समदे हसले. मी बी हसलो. पर अमावस्येला लोक गेल्यावर आत गेलो, दार लोटलं, आन् मल्हारीला म्हटलं, बघ बाबा, तसलं काही तुझ्यापाशी असलं तर."

"बाबा, माझ्या प्रभूनं असंच केलं. दुसऱ्यांसाठी स्वतःवर घेतलं. मी हसनभाईला तेच सांगत असतो. मला नीट सांगता येत नाही, पण ते खरं आहे."

"ठाऊक हाय. तुमी दोघं ओट्यावर भांडता ते हितपातूर ऐकू येतं." त्यांनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "मी माझ्या मल्हारीचा, मास्तर. मरेपातूर. पर तुझं ऐकलंय मी."

द्रोण माझ्या हातातच होता. भरीत गार झालं होतं, तरी भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. क्षणभर वाटलं, खावं. एकच घास. या माणसासाठी एवढंसुद्धा करायला नको का? हात तोंडाकडे नेला असता तर मला अडवणारं तिथं कुणी नव्हतं, आणि प्रभूनं मला त्याचीही क्षमा केली असती याबद्दल मला शंका नव्हती.

मी उठलो. त्यांच्या उजव्या बाजूला गेलो, त्यांना दिसेल असा उभा राहिलो आणि द्रोण पुढे धरला.

बाबांनी द्रोणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून न्हाई खात?"

"नाही, बाबा."

त्यांनी द्रोण हातात घेतला आणि मांडीशी ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "न्हाईतर माझा डोळा फुकट गेला असता."